कानमामाची सही

३ जून

प्रिय मामा,

नमस्कार. जहाजावरून आम्हाला आठवड्यातून दहा मिनिटं फोन करता येतो, तरी पत्र लिहितेय. गेल्या खेपेच्या दहातली सात मिनिटं तू "हॅलो, जरा मोठ्याने बोल" यात घालवलीस आणि उरलेली तीन फोन कंपनीचा उद्धार करण्यात. शेवटी तूच म्हणालास, "पत्र लिही. पत्र पुटपुटत नाही." तर घे.

आमची म्हातारी बसली आहे. म्हातारी म्हणजे या जहाजावरचं हेलिकॉप्टर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठं. तिची मुख्य तंत्रज्ञ म्हणून मला आठ महिने झाले. माझ्या सहीवर आकाशात जाणारं हे माझं पहिलं यंत्र. परवा शेपटीच्या गिअरबॉक्सचं तेल काढलं, तर आतल्या चुंबकाला धातूचा कीस चिकटलेला. शेपटीचा छोटा पंखा हाच गिअरबॉक्स फिरवतो. तो पंखा हवेत थांबला, तर हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गरगरत खाली येतं. तेव्हा मी उड्डाण थांबवलं.

कारखान्याने हे भाग बनवणं अकरा वर्षांपूर्वी बंद केलं. आमची सगळी कोठारं रिकामी. जगात कोणाकडे असेल तर तुझ्याकडे. कार्यालयाची रीतसर मागणी वेगळी येईलच, त्यात तुला 'मान्यताप्राप्त पुरवठादार' म्हटलं असेल. इथे जहाजावर तुला सगळे कानमामाच म्हणतात. वैमानिक म्हणाला, "कानमामाची सही असलेला भाग दे, मी डोळे मिटून उडेन." मी म्हटलं, डोळे उघडे ठेवूनच उड.

म्हातारी हँगरमध्ये पंखे मागे दुमडून, शेपूट बाजूला वळवून उभी आहे, परक्याच्या घरी अंग चोरून झोपलेल्या बाईसारखी. लवकर पाठव.

तुझी,
नटबोल्ट

१६ जून

चि. नटबोल्ट,

हुकूम पोचला. अगं, आठ महिन्यांत माणसं डाफरायला लागतात हे ठाऊक होतं, पण मामावर?

तुझ्या म्हातारीच्या जातीचे तीन गिअरबॉक्स माझ्याकडे आहेत. निवृत्त झालेली हेलिकॉप्टरं मी विकत घेतली, सोडवली, पुसली, मेणकागदात गुंडाळून फळीवर ठेवली. माझ्या गोदामात असे चार हजार भाग झोपलेले आहेत. त्यांना वाटत असेल, आपण अजून समुद्रावरच आहोत. गिअरबॉक्सांना मात्र सलग झोपू देत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पॅकिंगच्या बाई प्रत्येकाला हाताने पाव फेरा देतात, नाहीतर बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून खळगा पाडतात. बावीस वर्षं हे काम त्या करतात.

पहिला नंबर काढला. चाचणीच्या टेबलावर मोटारीने फिरवला. मीटर म्हणतं, उत्तम. मी ऐकायची सळई एका टोकाने गिअरबॉक्सला टेकवली, दुसऱ्याने कानाला. आत बारीक आवाज आहे. सलग. फुलदाणीत मधमाशी अडकावी तसा. नामंजूर.

तू म्हणशील, मीटर बरोबर असेल. माझं शिक्षण तुला माहीत आहे: भंगाराच्या आवारात धातू आपटून आवाजावरून निवडायचो, तेवढीच शाळा. पण एकोणीस वर्षांपूर्वी मीटरने पास केलेला गिअरबॉक्स मी कानाने नापास केला होता. सगळे हसले. उघडला तेव्हा दातात केसाएवढी चीर होती. तेव्हापासून माझी सही चालते. सही नसेल तर तो भाग नाही, नुसतं वजन आहे.

घाई करू नकोस. दुसरा लावतो.

तुझा मामा

ता. क. मी मामी. पत्र टाकायला मलाच जायचंय म्हणून दोन ओळी. हे हल्ली जेवताना मध्येच उठून पंखा बंद करायला जातात. पंखा बंदच असतो. तुझं काम डोक्यात घेतलंय त्यांनी. तू मात्र पोटभर खात जा.

१ जुलै

प्रिय मामा,

पहिला नाही तर दुसरा. तुझं ऐकते.

पण एक तारीख लिहून ठेव. पंधरा सप्टेंबर. त्या दिवशी मुख्यालयाचा अधिकारी जहाजावर येणार. तोवर म्हातारी उडाली नाही, तर तिला फोडायचं ठरलंय. म्हणजे अपघात नव्हे, आमच्या भाषेत फोडणं म्हणजे एकेक भाग काढून दुसऱ्या हेलिकॉप्टरांना देणं. इंजिन एका जहाजाला, पंखे दुसऱ्याला, आणि उरलेला सांगाडा बंदरात फाटकापाशी रंगवून उभा करणार, शाळेच्या मुलांनी फोटो काढावेत म्हणून. आणि ते काम कोणी करायचं? मुख्य तंत्रज्ञाने.

इथे आठवडाभर धुकं आहे. समुद्र कुठे संपतो कळत नाही. डेकच्या कठड्यापाशी उभं राहिलं की वाटतं, जहाज कापसात बांधून कोणीतरी फळीवर ठेवलंय. मी सकाळी हँगरचं दार उघडते, म्हातारीवरचं मीठ गोड्या पाण्याने पुसते. उडत नसली तरी. खलाशी विचारतात, "कशाला?" मी म्हणते, "अंघोळ काय फक्त बाहेर जायचं असेल तरच करायची?"

मामी, पोटभर खाते. पंखा तपासून घे, कधी कधी बंद पंखाही वाऱ्याने फिरतो.

तुझी,
नटबोल्ट

१४ जुलै

चि. नटबोल्ट,

दुसराही नामंजूर.

तुझी तारीख मी टेबलासमोरच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे. ती बघूनच दुसऱ्याला कान लावला. पहिल्यासारखाच आवाज. तोच मधमाशीचा. मीटरचा काटा जरा थरथरला, पण हद्दीत राहिला. मीटरला काय, त्याला घरी भाची नाही.

पहिला मी उघडून पाहिला. चार दिवस लागले. सगळ्या गोळ्या, सगळे दात, दिव्याखाली भिंगाने. एक ओरखडा नाही. आरशासारखं सगळं. माझ्याच चेहऱ्याचे बारके बारके तुकडे त्या गोळ्यांतून माझ्याकडे बघत होते. पुन्हा जोडला, फिरवला. आवाज आहेच. दोष डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं, म्हणून मी जास्तच सावध आहे.

पॅकिंगच्या बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मालक, पहिला पाठवायचा का मग? खोकं करू?" मी म्हटलं, "खोकं कसलं करता? नापास आहे." त्यांनी पुठ्ठा परत ठेवला. माणूस भला, पण ऐकण्याच्या कामातलं काय कळणार.

तिसरा सगळ्यांत कमी वापरलेला आहे. त्याच्यावर माझी भिस्त. टेबलाचा पट्टा नवा मागवलाय, तो बसला की लावतो.

तुझा मामा

ता. क. मामी. चहाचं आधण उतू गेलं, मी आतून चार हाका मारल्या. हे तिथेच बसलेले, जागचे हलले नाहीत. वर मला म्हणतात, "तू हाका मारल्याच नाहीस." आता मी माझ्या तोंडावरही विश्वास ठेवू नको का?

२७ जुलै

मामा,

आज रागावून लिहितेय, आधीच सांगते.

इथल्या बेटांवर दीपगृहाचा दिवा सांभाळणारा एक माणूस राहतो. शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. म्हातारी उडत असती तर पन्नास मिनिटांत दवाखान्यात पोचला असता. बोटीने नेला. एकोणीस तास. मी बोटीत त्याच्या उशाशी होते, कारण स्ट्रेचरची दोरी बांधायला येणारं दुसरं कोणी नव्हतं. लाट आली की तो ओरडायचा नाही, फक्त माझं मनगट दाबायचा. अजून निळं आहे. वाचला तो. पण मला म्हणाला, "तुमच्याकडे हेलिकॉप्टर होतं ना?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मग?"

मी काय सांगू? मामाला मधमाशी ऐकू येते म्हणून?

चुकीचा भाग पाठव असं मी म्हणत नाही, मेले तरी म्हणणार नाही. पण मला नीट सांग. आवाज कसा आहे? वेग वाढवला की चढतो का? मोटार मंद केली की उतरतो का? दाताचा दोष असेल तर फेऱ्यागणिक टोचेल, गोळीचा असेल तर घरघरेल. तुझा तो 'सलग' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

सगळं लिही. टेबलाजवळचं आणि टेबलापासून दूरचंही.

नटबोल्ट

६ ऑगस्ट

चि. नटबोल्ट,

रागावलीस ते बरं केलंस. तुझ्या आईचा राग असाच, आधी सूचना देऊन यायचा.

त्या माणसाचं वाचून मी दिवसभर गोदामात गेलो नाही. फाटकापाशी बसून राहिलो. आत चार हजार भाग आणि एक देता येत नाही.

तिसराही नामंजूर.

तू विचारलंस त्याची उत्तरं. वेग वाढवला तरी आवाज चढत नाही. मंद केला तरी उतरत नाही. टोचत नाही, घरघरत नाही. उंच आहे, बारीक आहे, तारेसारखा ताणलेला. तिन्ही गिअरबॉक्सांचा एकच सूर. मी म्हटलं, एकाच कारखान्याचे, एकाच धातूचे, तेव्हा म्हातारपणीचा आजारही एकच असेल.

टेबलापासून दूरचं विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर लिहिणार नव्हतो. टेबल बंद केलं तरी गोदामात थोडा राहतो. मला वाटतं रस्त्यापलीकडचा ट्रान्सफॉर्मर. वीजवाल्यांकडे तक्रार केली; त्यांचा माणूस येऊन गेला, म्हणाला काही नाही. हे लोक काय ऐकणार? सकाळी अंघोळीच्या खोलीतही येतो. नळातली हवा. पहाटे जाग आली की अंथरुणात पडल्या पडल्या ऐकतो, आणि खरं सांगू, वाईट वाटत नाही. दूर कुठेतरी एखादं मोठं यंत्र नीट चाललंय असं वाटतं. डोळे मिटले की मी तुझ्या जहाजावर असतो. पाणी दिसत नाही, नुसता तो आवाज, आणि आपण कुठेतरी चाललोय.

माफ कर गं. सही करता येत नाही.

तुझा मामा

ता. क. दारावरची घंटा बदलली. जुनी यांना ऐकू येत नाही, नवीही नाही. तो घंटावालाही लबाड, म्हणे. मामी.

१७ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. आता सरळ लिहिते. बसून वाच. मामी जवळ असेल तर बरं.

तुझी सगळी पत्रं आणि कार्यालयाकडे आलेल्या तिन्ही गिअरबॉक्सांच्या नोंदी मी हँगरच्या पायरीवर ओळीने मांडल्या. पहिला गिअरबॉक्स बावीस वर्षं उडालेला. दुसरा जेमतेम चार. तिसरा तर समुद्रावर कधी आलाच नाही. तिघांची आयुष्यं वेगळी, झीज वेगळी. आणि तिघांचा सूर एक? वेग वाढवून न चढणारा? टेबल बंद केल्यावर न थांबणारा? आणि तोच अंघोळीच्या खोलीत, तोच पहाटे अंथरुणात?

मामा, आवाज त्यांच्यात नाही. आवाज तुझ्या कानात आहे.

आम्हाला इथे दरवर्षी एका बंद डबीसारख्या खोलीत बसवून कान तपासतात. यंत्रांजवळ आयुष्य काढलेल्या कितीतरी माणसांना हा आवाज असतो. माझ्या आधीचा मुख्य तंत्रज्ञ त्यामुळेच किनाऱ्यावर गेला. आधी बाहेरचे बारीक आवाज जातात, आणि त्यांच्या रिकाम्या जागेत हा येऊन बसतो. फोन पुटपुटतात, घंटा वाजत नाहीत, बायका हाका मारत नाहीत.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तू कधी कोणाच्या शब्दावर गेला नाहीस. एक दिवस गोदामातलं सगळं बंद कर. टेबल, दिवे, सगळं. कानात पॅकिंगचा कापूस घाल आणि बस. आवाज थांबला, तर मी चुकले. पाया पडून माफी मागेन आणि म्हातारीला माझ्या हातांनी फोडेन. आणि थांबला नाही, तर... तरीही 'डोळे झाकून सही कर' असं मी म्हणणार नाही. कोणीतरी ऐकल्याशिवाय तो भाग मीच बसवणार नाही. मग काय करायचं ते मला ठाऊक नाही. म्हणून तर तुला विचारतेय.

तुझी,
नटबोल्ट

२६ ऑगस्ट

चि. नटबोल्ट, अनेक आशीर्वाद.

आज पत्र माझं आहे, ता. क. नाही.

तुझं पत्र यांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाले, "पोरगी फार दिवस समुद्रावर राहिली." बस. दोन दिवस पत्र खिशातच. मीही विचारलं नाही. खिशातून काढून मी वाचलंय ते त्यांना ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे. संसार असाच असतो, लग्न करशील तेव्हा कळेल.

काल सकाळी गोदामात गेले ते दुपारी आले. कानाजवळच्या केसांत कापसाचे तंतू. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "काहीतरी बोल."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"काहीही. पण सलग बोल."

अगं, एकतीस वर्षं झाली, हा माणूस मला असं कधी म्हणाला नव्हता. मी तासभर बोलले. शेजारणीचं, भाजीचं, तुझ्या आईच्या लहानपणीचं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा गोदामात गेले.

तू लिहिलंस ते बरोबर केलंस. मला चार महिने दिसत होतं, पण मी ता. क. मध्येच लिहीत राहिले.

मामी

३० ऑगस्ट

चि. नटबोल्ट,

कापूस घातल्यावर आवाज कमी व्हायला हवा होता. तो जवळ आला.

मी बराच वेळ बसलो. सगळं बंद. फळ्यांवर सगळे भाग मेणकागदात, आणि मध्ये मी, आणि तो. इतके महिने मी ज्याला गिअरबॉक्समध्ये शोधत होतो, उघडून, भिंग लावून, तो माझ्याच घरात पाहुणा होता. त्याला काय म्हणू? त्याने माझी एकुलती एक शाळा बंद केली. मी रडलो का असं विचारू नकोस.

डोळे उघडले तर समोर पॅकिंगच्या बाई. कधी आल्या कळलंही नाही. पूर्वी मला त्यांच्या चपलांवरून कळायचं की आज गुडघा दुखतोय.

त्यांना म्हटलं, "बाई, इकडे या. जरा कान लावा."

"मी? मालक, माझे हात डिंकाने चिकट आहेत."

"हात नकोत. कान हवाय."

टेबल चालू केलं. पहिला लावला. त्यांनी सळई अशी धरली, जणू रोजचीच. डोळे मिटले नाहीत, छताकडे बघत राहिल्या. "हा चांगला आहे." दुसरा लावला. लगेच सळई काढली. "याच्यात खडा आहे. फेऱ्यात एकदा. तांदळात दाताखाली येतो तसा." तिसरा लावला. बराच वेळ ऐकलं आणि हसल्या. "हा सगळ्यांत शहाणा."

मी विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून कळतं?"

"पहिल्यापासून. दर महिन्याला मीच फिरवते ना. दुसऱ्याचं तर हातालाच कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? दुसरा तुम्ही नको म्हणालात, तो नकोच होता. पहिला नि तिसरा का नको, ते मला कोडं होतं. म्हटलं, तुमचा कान मोठा. माझ्यापेक्षा जास्त ऐकत असेल."

दुसरा उघडला. एका गोळीचा टवका उडालेला. नटबोल्ट, तो टवका मला ऐकूच आला नव्हता. मी त्याला नापास केलं ते दुसऱ्याच गुन्ह्यासाठी. त्या दिवशी माझी मधमाशी थोडी गप्प बसली असती, तर मी त्याला पासही केला असता, आणि तू तो बसवला असतास. हे मनात आलं तेव्हा मी सह्यांची वही काढली. गेल्या वर्षभरात मी सह्या केलेले चौदा भाग आहेत. सगळ्यांना पत्रं टाकली, परत पाठवा, बाई पुन्हा ऐकतील.

तिसरा आज निघाला. त्याच्यासोबतच्या तपासणीच्या कार्डावर मी असं लिहिलंय: 'मीटरची तपासणी परवानाधारकाने केली. ऐकण्याची तपासणी पॅकिंगच्या बाईंनी केली. परवानाधारकाच्या कानात सतत आवाज असल्याने त्याचा कान ग्राह्य धरलेला नाही.' खाली दोघांच्या सह्या. बाईंना सही करायला पंधरा मिनिटं लागली, त्यांनी आधी कोऱ्या पुठ्ठ्यावर सराव केला.

तुझा तो अधिकारी कार्ड वाचून भाग समुद्रात फेकेल. माझा परवाना जाईल तो वेगळाच. मामी म्हणाली, "शेवटचं वाक्य गाळा." मी म्हटलं, "मग उरलेल्या दोन वाक्यांवर कोणी विश्वास का ठेवावा?"

बसवायचा की नाही, ते आता तू ठरव.

मामा

२० सप्टेंबर

प्रिय मामा,

बसवला. कार्ड वाचल्यावर पाच मिनिटंही विचार केला नाही, फक्त आधी तोंड धुऊन आले.

अधिकारी पंधराला आला. कपाळावर कायमची आठी असलेला माणूस. कार्ड वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंय?"

"खरं लिहिलंय, साहेब."

"पॅकिंगच्या बाई म्हणजे कोण?"

"बावीस वर्षं असे गिअरबॉक्स हाताने फिरवणाऱ्या."

तो कार्ड घेऊन कठड्यापाशी गेला. मला वाटलं, आता फेकतो. तो तिथून म्हणाला, "बत्तीस वर्षं कार्डं वाचतोय. कार्डावर स्वतःचं दुखणं लिहिणारा माणूस पाहिला नव्हता." आणि मग, विरघळला म्हणू नकोस, म्हातारीला साखळ्यांनी डेकला बांधून पाच तास जागेवर चालवायला लावलं. दर तासाला तेल काढ, चुंबक दाखव. पाचही वेळा चुंबक स्वच्छ. पाचव्यांदा त्याने स्वतःच्या रुमालाने पुसून पाहिलं. रुमाल पांढराच राहिला.

तुझा ऐकण्याचा परवाना त्यांनी स्थगित केलाय. कागद येईल, मन घट्ट करून वाच. मीटरचा शाबूत आहे. आणि बाईंना परीक्षेला बसावं लागेल. तोंडी आहे, काळजी नको.

दुसऱ्या सकाळी म्हातारी उडाली. धुकं गुडघ्याएवढं उरलं होतं. वैमानिकाने तिला डेकपासून हातभर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. खालचं धुकं गोल गोल बाजूला सरलं, मध्ये पाण्याचा हिरवा डोळा उघडला. मी कानांवरचं झाकण क्षणभर काढलं. करायचं नसतं, पण काढलं. मग ती वाकली आणि बेटांकडे गेली.

नऊ ऑक्टोबरला आम्ही परततो. जहाज बंदरात शिरण्याआधी हेलिकॉप्टर किनाऱ्यावरच्या तळावर उडवून पाठवतात. वैमानिक म्हणतो, वाट थोडी वाकडी करून तुझ्या गोदामावरून जाईन. सकाळी दहाच्या सुमारास अंगणात ये.

तुझी,
नटबोल्ट

१० ऑक्टोबर

चि. नटबोल्ट,

तू रविवारी घरी येशीलच. पण तोंडी सांगायला गेलो तर मामी मध्ये बोलेल, म्हणून लिहून ठेवतो.

काल नऊपासून मी अंगणात खुर्ची टाकून. बाई दारात. मामी म्हणाली, "दहाला यायचंय, नऊपासून मान वर करून बसलात तर दहाला मान खाली यायची नाही." ऊन कोवळं होतं. माझा पाहुणा कानात होताच. हल्ली त्याच्याशी भांडत नाही, त्याचं तो बघतो.

आधी पिंपातल्या पाण्यावर बारीक नक्षी उमटली. मग छताच्या पत्र्यांची थरथर माझ्या पायाच्या तळव्यांना कळली. मग सावली आली, फाटकावरून, मेणकागदाच्या गठ्ठ्यांवरून, माझ्या मांडीवरून. मामी हात हलवत होती, ओरडत होती, तोंड तरी उघडं दिसत होतं. मला पंख्यांची धपधप तेवढी आली, कोणी दूर सतरंजी झटकावी तशी. शेपटीचा तो बारीक सूर, ज्याच्यासाठी मी एवढं आयुष्य घालवलं, तो काही आला नाही.

मी वर बघितलंच नाही गं. मी बाईंकडे बघत होतो.

त्यांनी मान एका बाजूला कलती केली. कपाळ आक्रसलं. सावली पलीकडच्या भिंतीवर चढली तरी त्या तशाच, न हलता, आवाजाचा शेवटचा धागा निसटेपर्यंत. मग कपाळ मोकळं झालं. त्यांनी पदराने हात पुसले, आत गेल्या आणि पहिल्या नंबरासाठी पुठ्ठा कापायला बसल्या.

मामा